हवेचं माप घेणाऱ्या अण्णा मणी

अण्णा म्हटलं की आपल्याकडे एक तर घरातला मोठा भाऊ डोळ्यांसमोर येतो, नाही तर चौकात इडली-डोशाची गाडी लावणारा अण्णा. त्यामुळे मी अण्णा मणींवर लिहितेय म्हटल्यावर होस्टेलमध्ये दोघी-तिघींनी हे गृहस्थ कोण, असंच विचारलं. तर मित्र-मैत्रिणींनो, हे गृहस्थ नाहीत, या बाई आहेत! जन्माने केरळच्या, पण त्यांच्या उमेदीची वीसेक वर्षं आपल्या पुण्यात गेली. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी असल्यामुळे त्या मला जरा जास्तच जवळच्या वाटतात. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी नाशिकच्या मिसळीसारखं आहे, त्यात सगळंच असतं. सांभाळून घ्या.)

पण लेखाचं खरं कारण झाडं आहेत. जंगलाचं नुकसान म्हटलं की आपल्याला कुऱ्हाड दिसते, वणवा दिसतो, रस्ता रुंदीकरण दिसतं. एक नुकसान मात्र असं आहे की त्यात काहीच दिसत नाही. झाड जागेवर उभं असतं, हिरवंही असतं, फक्त जेवढं वाढायला हवं तेवढं वाढत नाही. त्याचं एक कारण जमिनीलगतच्या हवेतला ओझोन. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि रोजच्या प्रमाणात नाकालाही कळत नाही. तो आहे का, किती आहे, हे फक्त यंत्र सांगू शकतं. भारताचं स्वतःचं ओझोन मोजणारं यंत्र ज्यांच्या हाताखाली तयार झालं, त्या अण्णा मणी. त्या काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हत्या. पण झाडांना काय होतंय हे कळायला आधी हवेत काय आहे ते कळावं लागतं, आणि ते काम त्यांनी केलं.

अण्णांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानात पीरमेडला झाला. वडील सिव्हिल इंजिनिअर, घरची वेलदोड्याची बाग. आठ भावंडांत या सातव्या. त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलांनी शिकून मोठ्या नोकऱ्या करायच्या आणि मुलींनी लग्नाची तयारी करायची, अशी सरळ विभागणी होती. या मुलीला पुस्तकांचं वेड. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. तिने त्या नको म्हटल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. १९२५ मध्ये वायकोमच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजी त्या भागात आले होते. त्याचा परिणाम इतका खोल झाला की पुढे तिने खादी घेतली ती कायमची.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन ऑनर्स झाल्यावर १९४० मध्ये स्कॉलरशिप मिळाली आणि अण्णा बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. काम कशावर? हिऱ्यांवर आणि माणकांवर! ज्या मुलीने कानात हिरे घालायला नकार दिला, तिने पाच वर्षं हिऱ्यांतून बाहेर पडणारा प्रकाश मोजला. एकेका फोटोग्राफिक प्लेटला पंधरा-वीस तास एक्सपोजर द्यावं लागे. कित्येक रात्री त्या प्रयोगशाळेतच झोपल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले.

आणि मग युनिव्हर्सिटी आडवी आली. १९४५ मध्ये त्यांनी पीएचडीसाठी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने सांगितलं की तुमच्याकडे एमएस्सी नाही, म्हणून डॉक्टरेट देता येणार नाही. काम तपासून नापास केलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे फॉर्ममधला एक रकाना रिकामा होता एवढंच. तो प्रबंध आजही बंगलोरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत इतर प्रबंधांबरोबर उभा आहे. अण्णांनी याचं कधी भांडवल केलं नाही. डिग्री नसल्याने कामात फरक पडला नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. एटीकेटीच्या यादीत नाव शोधताना आपला जीव कसा वरखाली होतो ते आठवा, म्हणजे या शांतपणाची किंमत कळेल.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला इम्पीरियल कॉलेजला गेल्या. जायचं होतं फिजिक्स करायला, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. मिळालं ते घेतलं आणि तेच आयुष्यभर केलं. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परत आल्या आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. पुण्याला गेलेल्यांना शिवाजीनगरचं सिमला ऑफिस माहीत असेल. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस सिमल्याहून तिथे आलं म्हणून ते नाव पडलं.

तेव्हा देशाची अवस्था अशी की साधी साधी उपकरणंसुद्धा विलायतेहून यायची. एस. पी. वेंकटेश्वरन हे विभागाचे प्रमुख होते. पर्जन्यमापक, थर्मामीटर, वारा मोजणारी यंत्रं इथेच बनवायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि पुण्यात वर्कशॉप सुरू केलं होतं. अण्णा त्यात पूर्ण उतरल्या. १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १२१ पुरुष त्यांच्या हाताखाली काम करत होते. आजही मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये मुलगी लेथवर उभी राहिली की दोन डोकी वळतात, तर १९५३ ची कल्पना करा! त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली. म्हणजे कोणत्याही कारखान्याने ते ड्रॉइंग हातात घेतलं तर तेच यंत्र, त्याच मापाचं, तयार झालं पाहिजे. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर डायमेन्शन टाकताना आपण कंटाळतो, पण देशभरचे आकडे एकमेकांशी जुळायला हीच शीट लागते.

त्यांचा एक हट्ट होता. चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं, असं त्या मानायच्या. कारण माप नसेल तर निदान आपल्याला माहीत नाही हे तरी माहीत असतं. चुकीचा आकडा एकदा रजिस्टरमध्ये गेला की तो खराच वाटायला लागतो. होस्टेलमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग कशी जन्माला येतात ते मी इथे लिहायला नको.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. त्या निमित्ताने त्यांनी भारतात सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. सुरुवातीला यंत्रं परदेशी होती, नंतर ती इथेच बनू लागली. आणि १९६० पासून त्या ओझोनकडे वळल्या.

आता थोडं ओझोनबद्दल. शाळेत आपण शिकतो की ओझोनचा थर आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. बरोबर. पण तो थर वर, साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवर. तोच वायू जमिनीलगत असला की विष. ऑक्सिजनचे तीन अणू असलेला हा रेणू फार चिडका असतो, जे समोर येईल त्याच्याशी रिअ‍ॅक्ट होतो. वर तो हवा आणि खाली तो नको, मग वरपासून खालपर्यंत कुठे किती आहे हे कसं कळणार? त्यासाठी फुग्याला बांधून सोडायचं यंत्र लागतं, त्याला ओझोनसाँड म्हणतात. अण्णांच्या देखरेखीखाली भारतीय ओझोनसाँड याच दशकात तयार झालं.

त्याचं तत्त्व अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीतलं आहे. छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडबुड्यांनी सोडतो. हवेत ओझोन असेल तर आयोडीन मोकळं होतं आणि त्यामुळे सर्किटमध्ये करंट वाहतो. ओझोनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन, इतका सरळ हिशोब. करंट मोजा, ओझोन कळला. ऐकायला सोपं आहे, पण तो करंट मायक्रोअँपिअरमध्ये, बाहेरचं तापमान शून्याखाली सत्तर-ऐंशी अंश, हवा इतकी विरळ की पंप दमतो, आणि तीसेक किलोमीटरवर फुगा फुटला की यंत्र बहुधा परत मिळत नाही. म्हणजे सोडण्याआधीच ते अचूक असलं पाहिजे. असं यंत्र स्वतः बनवणारे देश त्या काळी मोजकेच होते. पुढे पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमहून ही यंत्रं सोडली गेली, अंटार्क्टिकातही वापरली गेली. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर अण्णांना सदस्य म्हणून घेतलं गेलं ते याच कामामुळे.

याच सुमारास तिकडे अमेरिकेत झाडं आजारी पडत होती. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोचे डोंगर आहेत. १९५० च्या दशकात तिथल्या पाँडेरोसा पाइनची पानं पिवळी पडून गळायला लागली, झाडं खुरटली. बुरशी बघितली, कीड बघितली, दुष्काळ बघितला, उत्तर सापडेना. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फांद्यांवर मुद्दाम ओझोन सोडून बघितला, तर तीच लक्षणं उमटली. शहरातल्या गाड्यांचा धूर डोंगरावरचं जंगल खात होता. शहरातल्या धुराचा ओझोन कसा होतो हे अरी हागेन-स्मिट नावाच्या कॅलटेकच्या शास्त्रज्ञाने आधीच्या दशकात दाखवून दिलं होतं. गंमत म्हणजे तोपर्यंत ते अननसाच्या वासावर संशोधन करत होते!

याचं गणित असं. गाडीच्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. ऊन पडलं की त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन बनतो. पेट्रोलची वाफ, सॉल्व्हंट असे कार्बनी वायू सोबत असले की हे चक्र चालूच राहतं. निलगिरीसारखी काही झाडंही असे वायू सोडतात. शहरात मात्र ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे भर चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या खेड्यात आणि जंगलात ओझोन जास्त सापडू शकतो. धूर आपला, शिक्षा त्यांना.

झाडाचं काय होतं? पानावरची छिद्रं कार्बन डायऑक्साइड घ्यायला उघडतात तेव्हा ओझोनही आत शिरतो. आत गेल्यावर पेशींची आवरणं पोखरतो, अन्न बनवणारी यंत्रणा मंदावते. झाड दुरुस्तीला लागतं, त्यात साखर खर्च होते. मुळांकडे जायचा वाटा कमी होतो, म्हणजे दुष्काळात तग धरायची ताकद गेली. पानं वेळेआधी म्हातारी होऊन गळतात. अशा अशक्त झाडावर मग कीड सहज बसते, सॅन बर्नार्डिनोत सालीतल्या भुंग्यांनी तेच केलं. शेवटी झाड किडीने मेलं अशी नोंद होते आणि खरा गुन्हेगार सुटतो.

आकडेही आहेत. २००९ मध्ये थंड प्रदेशांतल्या झाडांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून बघितले गेले. सध्याच्या ओझोनमुळे, म्हणजे अब्ज रेणूंत सरासरी चाळीस, झाडांचं एकूण वजन सुमारे सात टक्के कमी भरलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९९८ पासून अकरा वर्षं उघड्या रानात झाडांवर जादा ओझोन आणि जादा कार्बन डायऑक्साइड सोडून बघितला. कार्बन डायऑक्साइडने झाडं जास्त वाढली, पण ओझोनने तो फायदा बराचसा खाऊन टाकला. २०२४ मध्ये उष्ण कटिबंधाचा हिशोब आला. तिथल्या जंगलांची वाढ ओझोनमुळे सरासरी ५.१ टक्क्यांनी कमी होते आणि आशियात हा आकडा १०.९ टक्क्यांपर्यंत जातो. आशिया म्हणजे त्यात आपणही आलो.

आता नाशिकचं बघू. जिल्ह्याच्या पश्चिमेला त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा, सगळा सागाचा आणि ऐनाचा पट्टा. पूर्वेला महामार्ग, एमआयडीसी, एकलहऱ्याचं वीज केंद्र. ओझोन बनायला लागतं ते सगळं हजर आहे, ऊन तर विचारूच नका. पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा आणि ढग असतात, तेव्हा ओझोन कमी असतो. पावसाळा संपला की तो चढत जातो आणि उन्हाळ्यात जोर धरतो. भर उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, आणि पान नाही तर ओझोन आत जाणार कुठून? पण ऑक्टोबर ते जानेवारी पानं अंगावर असतात. आंबा, जांभूळ यांना तर बारा महिने सुट्टी नाही. द्राक्षाचा हंगामही नेमका याच महिन्यांत. ओझोनमुळे द्राक्षाच्या पानावर वरच्या बाजूने बारीक तपकिरी ठिपके येतात, हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच नोंदवलं गेलंय. आपल्या बागेत असे ठिपके दिसले तर भुरी, डाऊनी, करपा, खत कमी पडलं, सगळ्यांची नावं निघतील. ओझोनचं नाव कोण घेणार? पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गेला. पिकांचा निदान अंदाज तरी झाला. जंगलातल्या सागाचा हिशोब कोणी मागायलाही येत नाही.

इथे पुन्हा अण्णांच्या हट्टाशी येऊन थांबावं लागतं. जुनं, खात्रीचं माप असेल तरच तुलना होते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत १९५४-५५ मध्ये जमिनीलगतचा ओझोन मोजून ठेवला होता. १९९१-९३ मध्ये पुन्हा मोजला तेव्हा तो दीडपटीहून जास्त निघाला. पहिल्या वेळी कोणी नीट मोजून लिहून ठेवलं नसतं तर ही वाढ आपल्याला कधीच कळली नसती. तिथे ओझोनच्या कामाचा पाया घालणारे के. आर. रामनाथन यांच्याच नावाचं पदक १९८७ मध्ये अण्णांना मिळालं.

अण्णांचं पुढचं आयुष्यही मापातच गेलं. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थुंबाच्या रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून दिला. १९६९ मध्ये दिल्लीला बदली झाली आणि १९७६ मध्ये त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. नंतर तीन वर्षं रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या आकड्यांची दोन जाडजूड पुस्तकं काढली, आपले सोलरवाले आजही त्यांचं नाव घेतात. मग बंगलोरला वारा आणि ऊन मोजणारी यंत्रं बनवणारा छोटा कारखाना काढला आणि देशभरात शेकडो ठिकाणी वाऱ्याची मोजणी केली. साताऱ्याजवळ वनकुसवड्याला किंवा धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या दिसतात. वारा कुठे पुरेसा आहे हे आधी असं कोणीतरी मोजलं तरच त्या उभ्या राहतात. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांचं चालणं-फिरणं थांबलं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्या गेल्या. आपण बाई असून हे केलं याचं त्यांना स्वतःला काही विशेष वाटत नसे. काम समोर होतं, ते केलं, इतकंच.

शेवटी आपल्या कामाचं. हवा मोजणारी केंद्रं बहुतेक शहरांत असतात, कारण माणसं शहरांत असतात. ओझोन मात्र रानाकडे जातो. आजकाल हजार-दोन हजारांत सेन्सर मिळतो, पण तो ओझोनबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडलाही फसतो. म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी माझी एक सूचना आहे. सेन्सर आधी काही आठवडे शहरातल्या केंद्राशेजारी ठेवून ताडून घ्यायचा, मग त्र्यंबकच्या बाजूला सागाच्या रानात ठेवायचा, मग परत आणून पुन्हा ताडायचा. सागाच्या खोडात वर्षागणिक वलय उमटतं, आयआयटीएमने अशा वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केलेला आहे. एखादं वलय बारीक निघालं तर ते कमी पावसामुळे की ओझोनमुळे, हे ठरवायला शेजारी ओझोनचे आकडे हवेत. पावसाचे आकडे आपल्याकडे आहेत, कारण अण्णांसारख्यांनी पर्जन्यमापकाचं ड्रॉइंग नीट काढून ठेवलं. ओझोनचे आकडे आपण आत्ता घेतले तर आणखी वीस वर्षांनी इथे शिकणाऱ्या कोणाला तरी ते उपयोगी पडतील.

रीडिंग मात्र खरं घ्यायचं. नाहीतर घेऊच नये.

— टी. ई. (इन्स्ट्रुमेंटेशन)